न भाजणारा हात

आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या उजव्या हाताचं मोठं कौतुक होतं. तव्यावरची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मी हातानं उलटायचे. उकळत्या टोपावरचं झाकण फडक्याशिवाय उचलायचे. नवीन कामाला आलेल्या बाईला माझी सोबतीण पार्वती सांगायची, "इंदूबायचा हात बघ, आगीला भीत नाय." ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, गर्वच वाटायचा. बारा वर्षं चुलीपुढे काढली की हात असाच होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. डावा हातही तेवढीच वर्षं चुलीपुढे होता आणि तो मात्र चांगला भाजायचा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या हातापायी मी काय काय भोगलं ते लिहून काढायचं ठरवलं आहे. मी बारावीपर्यंत शिकलेली बाई, लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात असाच हात लपवून बसलेलं आणखी कोणी नक्की असणार. त्याच्या हाती हे पडावं एवढंच मनात आहे.

मी तशी गप्प बसणाऱ्यातली नाही. शाळेत किडका तांदूळ आला तेव्हा मी तो सूपभर नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ओतला होता. पार्वती म्हणते, इंदूबायच्या तोंडाला कुलूप नाही. पण स्वतःच्या हाताबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्याच तोंडाला आठ महिने कुलूप होतं.

पांढरं पीठ

त्या दिवशी नागलीचं पीठ संपलं होतं म्हणून तांदळाचं मळायला घेतलं. मळता मळता परातीत लाल रेघ दिसली. मी पार्वतीला म्हटलं, "बघ गं, पिठात काय पडलंय?" तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि ओरडली. करंगळीच्या कडेला खोल कापलं होतं. सकाळी विळीवर दुधी चिरताना कापलं असणार. मला समजलंही नव्हतं. लाल-काळं नागलीचं पीठ असतं तर आम्हा दोघींना ते दिसलंही नसतं. मग दोनशे पोरींनी काय खाल्लं असतं? पीठ मी उकिरड्यावर टाकलं आणि बोटाला चिंधी बांधली.

नंतर मोरीत जाऊन आतून कडी लावली. मंगळसूत्राला लावलेली पिन काढली आणि करंगळीला टोचली. काही नाही. शेजारच्या बोटाला टोचली. काही नाही. तळव्याच्या कडेनं वर मनगटापर्यंत आले तरी तेच. कोपराच्या खाली दोन वर्षांपासून एक फिकट डाग होता. उन्हाचा असेल म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. त्या डागावर पिन टोचली आणि रक्ताचा टिपका आला, पण दुखलं नाही.

मला नाव माहीत होतं. माझं माहेर साखरशेत. लहानपणी तिथं गावाबाहेर शेताच्या कडेला एक म्हातारा राहायचा. आई माझ्या हाती त्याची भाकरी द्यायची. ती दगडावर ठेवायची आणि मागं न बघता पळत यायचं. त्याला रगतपिती झालीय, एवढंच आम्हा पोरांना सांगितलेलं असे. त्याचं खरं नाव काय होतं ते मला आजही माहीत नाही.

मी पिन पुसून परत मंगळसूत्राला लावली, बाहेर आले आणि डाळीला फोडणी दिली.

घरातलंच माणूस

मग लपवाछपवी सुरू झाली. मी मनगटापर्यंत येणारी पोलकी शिवून घेतली. रोज सकाळी उठले की आधी बोटं बघायची, सरळ होतात का. करंगळी थोडी वाकडी राहते आहे असं वाटायचं. मग वाटायचं, नाही, भास असेल. दिवसातून वीस वेळा मी हा हिशेब करायचे. पोरींच्या ताटात भाकरी वाढताना मनात यायचं, आपल्यामुळे यांना काही झालं तर? हा एक प्रश्न माझ्या मानेवर बसला होता. तरी मी वाढत राहिले. घरी बसते तर का बसलीस ते सांगावं लागलं असतं.

माझी धाकटी जाऊ मंजुळा गावातली आशाताई. त्याच काळात घरोघरी डाग तपासायची मोहीम निघाली. बायकांना आडोशाला नेऊन अंगावरचे डाग बघायचे, हे तिचं काम. सगळ्या पाड्याची तपासणी तिनं काटेकोर केली. आमच्या घरी आली, ओट्यावर बसली, मी चहा दिला. मी थोरली जाऊ, तिचं लग्न माझ्या देखत झालेलं. मला कपडे बाजूला कर म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं पेन काढलं, हसली आणि म्हणाली, "वयनी, तुमचा काय बघायचा? घरातलीच माणसा." आणि सगळ्यांच्या नावापुढे 'डाग नाही' असं लिहिलं. दारावर खडूनं खूण केली आणि गेली.

मी दार लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला. ही माझी लाज मी इथं उघड करते आहे. औषध माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेलं आणि मी सुटले म्हणून खूश झाले.

डाळ

आठव्या महिन्यात एक दिवस डाळीचा टोप उतरवताना उजव्या हाताची पकड सुटली. टोप कलंडला. पाच-सहा पोरी ताटं घेऊन समोर रांगेत उभ्या होत्या. उकळती डाळ त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर जाऊन थांबली. कोणाला काही झालं नाही. पोरी किंचाळल्या, मग हसायला लागल्या. पार्वतीनं राख टाकली.

मी मात्र भिंतीला टेकून बसले. तोवर मी जास्त करून माझ्या हातासाठी, नोकरीसाठी, घराच्या अब्रूसाठी घाबरत होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की माझ्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचं लेकरू भाजलं असतं.

संध्याकाळी तडक मंजुळाच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी पोलक्याची बाही वर केली आणि म्हटलं, "मंजुळा, तू त्या दिवशी बघितलं नाहीस ते आता बघ."

तिनं बोट लावून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "वयनी, मी तर कागदावर नाय म्हणून लिहिलंय."

"तू लिहिलंस, मी लिहू दिलं. दोघींनी मिळून केलं."

ती रडायला लागली. मला वाटलं माझ्यासाठी रडते आहे. थोड्या वेळानं कळलं, तिच्या कामाचं काय होईल म्हणूनही रडते आहे. मला राग आला आणि मी बोलूनही गेले, "आधी माझा हात, मग तुझा कागद." पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती माझ्या दारात उभी होती, डोक्याला तेल, हातात पिशवी. "चला, पैली गाडी धरू." दवाखान्यात पोचताच तिनं डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, की घरातली म्हणून मी हिला तपासलं नव्हतं, चूक माझी आहे. ते बोलायला किती जिवावर येतं हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवसापासून माझी जाऊ माझ्या मनात मोठी झाली.

नाव कळलं तो दिवस

मोखाड्याच्या दवाखान्यात कुष्ठरोगाचं काम बघणारे एक तंत्रज्ञ आहेत, त्यांना सगळे भाऊच म्हणतात. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या बारीक धाग्यानं हातावर ठिकठिकाणी स्पर्श करून, कळलं तिथं बोट ठेव म्हणाले. मी डोळे मिटून वाट बघत बसले. बराच वेळ झाला तरी ते सुरू का करत नाहीत, असं मला वाटलं. डोळे उघडले तर त्यांची तपासणी अर्धी झाली होती.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. कुष्ठरोग आहे, औषधानं बरा होतो, वर्षभर गोळ्या. पहिला डोस समोर घ्यायला लावला. पुढे ते बरंच बोलले. मला तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. मी एवढंच विचारलं, "माझ्या हातचं दोनशे पोरी खातात."

भाऊ म्हणाले, "अन्नातून हा आजार पसरत नाही. आणि आजचा डोस पोटात गेला, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही असंच समजा. तरी शाळेत जाऊन आम्ही सगळ्या मुली तपासू." असं म्हणत त्यांनी माझी करंगळी हातात घेतली आणि सरळ करून बघायला लागले. माझ्या नवऱ्यानंही तो हात अजून पाहिला नव्हता. मला भडभडून आलं. ते आपले बोलत राहिले, तेलानं चोळायचं कसं, चिमटा वापरायचा कसा.

घरी आल्यावर लघवी लालभडक झाली. मी ओट्यावर येऊन मंजुळाला ओरडले, "रक्त जातंय, मी मरते." तिनं कपाळावर हात मारला. "वयनी, गोळीचा रंग हाय तो! डॉक्टरांनी दोनदा सांगितला." ती हसली, मीही हसले. त्या सगळ्या आठवड्यात तेवढंच एक हसणं.

घर

माझा नवरा काशिनाथ वाईट माणूस नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि बराच वेळ कुंपणाच्या काठ्या नीट करत बसला. मग म्हणाला, "पोरीला जामसरचं स्थळ आलंय. त्यांच्या कानावर नको जायला." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि बोहाड्यात सोंग आपल्या घरात हाय. लोकांनी नाचू नाय दिला तर?" बोहाडा हा आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. कोणत्या घरानं कोणत्या देवाचा मुखवटा घालायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं, आणि ते सोंग हातचं जाणं म्हणजे गावात मान खाली. त्याची भीती खोटी नव्हती. पण माझ्या हाताबद्दल त्यानं पहिला शब्द काढला तो तिसऱ्या दिवशी.

त्या तीन दिवसांत माझा पेला चुलीजवळून उठून पडवीत गेला होता. कोणी ठेवला हे कोणी सांगेना. मी तो आत आणून ठेवायचे, तो परत बाहेर जायचा. चौथ्या दिवशी मी जेवायला बसल्या बसल्या म्हटलं, "पेला कोण हलवतंय त्यानं मला तोंडावर सांगा. मी उठून जाते पडवीत." माझी लेक उठली, तिनं माझा पेला उचलला, त्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि परत माझ्यापुढे ठेवला. काशिनाथ मान खाली घालून जेवत राहिला. त्यानंतर पेला हलला नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणीही झाली, या वेळी मंजुळानं कोणाची भीड ठेवली नाही.

खाटेवरचे दिवस

दोन महिन्यांनी हात सुजला आणि कोपराच्या आतून कळा सुरू झाल्या. औषध चालू असताना शरीर कधी कधी असं उलटतं, आणि वेळेवर गेलं नाही तर बोटं कायमची वाकतात, असं भाऊंनी बजावून ठेवलं होतं. म्हणून मी या वेळी आठ तासही थांबले नाही. जव्हारला दाखल झाले.

तिथले दिवस सगळे सारखे. सकाळी फरशी पुसणारी मावशी, मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी गरम मेणात हात बुडवायचा आणि बोटांचा व्यायाम. खिडकीतून शिरपामाळकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या दिसायच्या. लोक फिरायला चालले आहेत आणि मी रोज कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं त्याची रेघ मारते आहे, कालच्यापेक्षा करंगळी किती वाकली ते बघायला. एक दिवस सुधारणा, एक दिवस नाही.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "काय झालंय गं तुला?" मी पहिल्यांदा अनोळखी माणसाला पूर्ण नाव घेऊन सांगितलं, कुष्ठरोग. वाटलं, आता ही खाट बदलून मागणार. तिनं विचारलं, "मग उजव्या हातानं वेणी घालता येत नसंल?" आणि माझी वेणी घालून दिली. ती घरी जाईपर्यंत रोज घातली.

तिथंच असताना शाळेतल्या पोरींच्या तपासणीचा दिवस उजाडला. एक तरी नाव निघालं तर मी कोणत्या तोंडानं जगायचं? दुपारी मंजुळाचा फोन आला. "एक पण नाय, वयनी. दोनशेच्या दोनशे बेस हायेत." मी फोन ठेवला आणि चादर तोंडावर ओढून रडून मोकळी झाले.

सभा

हात वाचला, पुरता नाही. करंगळी आणि शेजारच्या बोटाला अजून बधिरपणा आहे. पण पकड आली. कामावर जाण्यास योग्य, असा डॉक्टरांचा दाखला घेऊन मी शाळेत गेले. अधीक्षिका मॅडमनी तो वाचला, घडी घातली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "इंदूबाई, तुम्ही आता आवार झाडायचं काम घ्या. कोणाला काही सांगायला नको. तुमच्याच भल्यासाठी."

जुनी इंदू हो म्हणाली असती. झाडू घेऊन कडेला गेली असती, आणि कडेला गेलेल्या बाईबद्दल लोकांनी जे समजायचं ते समजलं असतं. मी म्हटलं, "मॅडम, दाखल्यात झाडू लिहिलेला नाही. रविवारी पालक सभा आहे. मला तिथं बोलू द्या. पालकांनी नको म्हटलं तर मी स्वतः बाजूला होते."

मुख्याध्यापक शेजारीच होते. ते म्हणाले, "बोलू दे त्यांना. तांदळाच्या वेळी त्या खरं तेच बोलल्या होत्या."

रविवारी शंभरावर पालक जमले. भाऊ आले, मंजुळा आली. काशिनाथ येणार नाही म्हणाला होता, पण मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला दिसला. मी उभी राहिले. ठरवलेलं सगळं विसरले. बाही वर करून म्हटलं, "मला कुष्ठरोग झाला. आठ महिने मी लपवला, ती माझी चूक. औषध घेतलं, आता माझ्यापासून कोणाला काही होत नाही. तुमच्या पोरी तपासल्यात, सगळ्या चांगल्या आहेत. मी परत चुलीपुढे उभी राहू का, ते तुम्ही सांगा." त्यापेक्षा जास्त बोलता आलं नाही.

कुजबुज झाली. पन्नाशीचा एक बाप उठला. "बाय, तू चांगली असशील. पण माझ्या दोन पोरी या हाताचं खाणार नायत. हिला काढा, नाय तर मी पोरींना घरी नेतो." त्याच्यामागून आणखी चार-पाच जण बोलले. भाऊ उत्तरं देत राहिले, अन्नातून नाही, शिवण्यातून नाही. तो माणूस मात्र बसेना. मग पार्वती, जी कधी सभेत बोलत नाही, दारातून ओरडली, "मी हिच्या ताटात रोज जेवते. मला काय झाला?" कोणीतरी हसलं. एक आजी म्हणाली, "करू दे गं बाय तिला, भाकऱ्या बेस करते." असं करत करत बहुतेकांनी हो म्हणून हात वर केले. सगळ्यांनी नाही.

जामसरच्या माणसांचा निरोप अजून आलेला नाही. काशिनाथ रोज फोनकडे बघतो. मीही बघते. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही.

पण सभेनंतरचं एक लिहायचं आहे. ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहिते. नाव नको, बाकी लिही, म्हणाला.

माणसं पांगली. शाळेच्या फाटकाशी तोच बाप एकटा उभा होता. पोरींना न्यायला थांबलाय असं मला वाटलं. मी खाली मान घालून पुढे जायला लागले, तर त्यानं हळूच विचारलं, "बाय, त्या धाग्यानं बघतात तेव्हा काहीच कळला नाय, तर काय करतात?"

"औषध देतात," मी म्हटलं.

"मग गावात सांगतात?"

"ते नाही सांगत. आपण सांगू तेवढंच."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "शेतात चप्पल पायातून गेली, मला समजलाच नाय. तसाच घरी आलो." मग वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. नडगीवर तळहाताएवढा फिकट डाग होता. तळव्याला मळकी चिंधी बांधलेली.

"किती दिवस झाले?"

"तीन पावसाळे."

मला त्याचा राग आला होता, तो अजून गेला नव्हता. याच माणसानं थोड्या वेळापूर्वी शंभर लोकांपुढे माझा हात नको म्हटलं होतं. पण त्याचा चेहरा मी ओळखला. मोरीत कडी लावून पिन टोचत होते तेव्हा आरसा असता तर त्यात हाच दिसला असता.

"घरात कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाय. तुलाच पैला सांगतोय."

समोर भाऊ मोटरसायकलला किक मारत होते. मी त्यांच्याकडे बघितलेलं पाहून त्यानं घाईघाईनं माझं मनगट धरलं, उजवंच. "आज नको बाय. उद्या जाईन."

"मीही आठ महिने उद्याच म्हणत होते," मी म्हटलं. "चल. मी बरोबर येते."

त्यानं हात काही सोडला नाही. अंगठ्याच्या बाजूला त्याची पकड मला कळत होती, करंगळीच्या बाजूला नाही. मी हात सोडवून घेतला नाही. तसेच आम्ही दोघं भाऊंच्या गाडीपर्यंत चालत गेलो.